बसलाही गुडघे असतात



आजचा विषय वाचून आमच्या घरचे हसणार, हे मला माहीत आहे. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने गाडीच्या सस्पेन्शनवर लिहायचं म्हणजे नसती उठाठेवच! पण त्र्याहत्तराव्या वर्षी माझा आणि सस्पेन्शनचा संबंध तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. तो गुडघ्यातून जातो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. शहरातल्या ज्या बसना थांब्यावर खाली झुकता येतं, त्यांनी प्रत्येक थांब्यावर आपणहून झुकावं. ते ड्रायव्हरच्या मर्जीवर सोडू नये आणि आम्हा म्हाताऱ्यांच्या विनवणीवर तर मुळीच सोडू नये. का, ते सांगण्यासाठी थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागेल. घाबरू नका, मला समजलं म्हणजे तुम्हाला नक्की समजेल.

माझा भाचा बस दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये काम करतो. मागे एकदा मी त्याच्याकडे कुरकुर केली की बसची पायरी मला चढवत नाही. तर तो म्हणाला, "मावशी, अगं ती बस खाली बसते. तिला तसं शिकवलेलंच असतं. चल, दाखवतो." आणि खरंच एका रविवारी त्याने मला नेलं. खड्ड्यावर उभ्या केलेल्या बसच्या पोटाखाली बॅटरी मारून त्याने जे दाखवलं, ते मी माझ्या भाषेत सांगते.

आपल्या जुन्या लाल एसटीला पोलादी पाट्यांची स्प्रिंग. एकावर एक पट्ट्या, कमानीसारख्या वाकवलेल्या. या पाट्यांची अडचण अशी की त्या भरलेल्या गाडीच्या हिशोबाने कडक बनवाव्या लागतात. गाडी भरली की पाटे दबतात, गाडी खाली बसते, आणि प्रवास त्यातल्या त्यात बरा होतो. गाडी रिकामी असली की तेच पाटे दगडासारखे होतात. शेवटच्या बाकावर बसून दुपारच्या रिकाम्या एसटीने ज्याने प्रवास केलाय, त्याला हे पुस्तकात वाचायची गरज नाही. डोकं टपाला लागलेलं असतं!

हवेच्या सस्पेन्शनमध्ये पाट्याच्या जागी रबराचे जाड फुगे असतात. वर्कशॉपमध्ये त्यांना 'बेलो' म्हणतात. त्यात कॉम्प्रेसरने दाबलेली हवा भरलेली असते. पण नुसत्या फुग्यांनी भागत नाही. माणसं चढली की फुगा दबणार, गाडी खाली जाणार. म्हणून प्रत्येक ठिकाणी एक लहानसा व्हॉल्व्ह बसवलेला असतो, मुठीएवढा. तो गाडीच्या सांगाड्याला पक्का केलेला असतो आणि त्याची एक दांडी खाली आसाला जोडलेली असते. गाडी खाली गेली की दांडी वर उचलली जाते, व्हॉल्व्ह उघडतो, टाकीतली हवा फुग्यात शिरते आणि गाडी पुन्हा ठरलेल्या उंचीवर येते. माणसं उतरली की गाडी वर उचलली जाते, दांडी उलटी फिरते आणि जास्तीची हवा 'फुस्स' करून बाहेर पडते. थांब्यावर आपण ऐकतो त्या अनेक फुस्सांपैकी एक हा. (बाकीचे ब्रेकचे आणि दाराचे, असं भाच्याने बजावून सांगितलंय.)

बस, एवढंच! वीस माणसं असोत की साठ, गाडीची उंची तीच. आणि ओझं वाढलं की फुग्यातला दाबही वाढतो, म्हणून रिकामी गाडी आदळत नाही आणि भरलेली बसत नाही. नव्या गाड्यांत दांडीच्या जागी सेन्सर असतो आणि व्हॉल्व्हचं काम छोटा कॉम्प्युटर सांभाळतो, पण तत्त्व हेच.

यातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. पहिली म्हणजे हे यंत्र उतावळं नसतं. चाक खड्ड्यात गेलं की दांडी हलतेच, पण दर हिसक्याला हवा भरत-सोडत बसलं तर टाकी रिकामी होईल. म्हणून ते क्षणभर थांबतं. हा नुसता धक्का आहे की खरंच ओझं वाढलंय, हे कळल्यावरच हालचाल करतं. वर्गात इतकी वर्षं काढल्यावर या गुणाची किंमत मला जास्तच कळते!

दुसरी गोष्ट अशी. बसला टोकं चार, पण उंची मोजणारे व्हॉल्व्ह बहुधा तीनच. पुढे एक आणि मागे दोन, किंवा उलट. मी विचारलं, "चौथा कुठे गेला रे?" तर म्हणाला, "मावशी, तिपाई कधी डुगडुगते का?" खरंच की! चार पायांचं टेबल जमीन जरा उंचसखल असली की डुगडुगतं, तिपाई कशीही ठेवा, टेकतेच. तीन बिंदूंनी पातळी ठरते. चौथा आला की आपसात भांडणं. हे भूमितीत शिकून पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण त्याचा उपयोग त्या दिवशी कळला.

आता जरा इतिहास, कारण ती माझी जुनी खोड. अमेरिकेत १९५३-५४ च्या सुमारास जनरल मोटर्सने लांब पल्ल्याच्या बसना हवेचं सस्पेन्शन बसवलं. १९५५ साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सिट्रोएन कंपनीने 'डीएस' नावाची मोटार मांडली. तिच्यात हवेऐवजी तेल आणि नायट्रोजन वायू होता, पण उंची आपोआप सांभाळायची कल्पना तीच. इंजिन बंद करून ठेवली की ती हळूहळू जमिनीलगत बसायची आणि चालू केली की उठून उभी राहायची. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअममध्ये हवेचे फुगे होते, पण ते गळायचे, आणि कंटाळून अनेक मालकांनी साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या. बसमध्ये मात्र हे तंत्र टिकलं. आपल्याकडे २००१ मध्ये व्होल्वोच्या बस आल्या आणि मुंबई-पुण्याच्या प्रवासात पोटातलं पाणी न हलणं म्हणजे काय, ते लोकांना कळलं.

पुढे या यंत्राच्या अंगात आणखी एक कला आली. उंची राखता येते, तर बदलताही आली पाहिजे. १९९२ च्या रेंज रोव्हरमध्ये वेगवेगळ्या उंचीच्या पातळ्या होत्या. आडवाटेला गाडी उंच होई, भरधाव असताना खाली येई, आणि चढण्या-उतरण्यासाठी म्हणून आणखी खाली बसे. २०१३ मध्ये अमेरिकेत टेस्लाच्या दोन 'मॉडेल एस' गाड्यांना रस्त्यावर पडलेल्या लोखंडी वस्तू खालून लागल्या आणि बॅटरीने पेट घेतला. तेव्हा कंपनीने त्याच वर्षी नोव्हेंबरात गाड्यांना दुरूनच नवं सॉफ्टवेअर पाठवलं आणि हवेचं सस्पेन्शन असलेल्या गाड्या हमरस्त्यावर थोड्या उंच चालू लागल्या. कुणाला गॅरेजमध्येसुद्धा जावं लागलं नाही! म्हणजे उंची किती ठेवायची हा आता लोखंडाचा प्रश्न उरलेला नाही. तो ठरवण्याचा प्रश्न आहे. कुणीतरी ठरवायचं, की झालं.

आणि इथेच माझं घोडं अडतं. ज्याच्याकडे महागडी मोटार आहे, त्याच्यासाठी गाडी खाली बसते. आणि जी बाई दोन पिशव्या घेऊन थांब्यावर उभी आहे, तिच्यासाठी?

तिच्यासाठीही सोय आहे, हे विशेष. शहरी बसमध्ये हवेच्या फुग्यांचा उपयोग करून बस दाराच्या बाजूला झुकवता येते. इंग्रजीत त्याला 'नीलिंग' म्हणतात, म्हणजे गुडघे टेकणं. उंट बसतो ना, तसं. ड्रायव्हरने बटण दाबलं की डाव्या बाजूच्या फुग्यांतली हवा जाते आणि बस साधारण ६० ते ८० मिलीमीटर, म्हणजे अडीच-तीन इंच खाली येते. निघताना पुन्हा उठते.

तीन इंचांनी काय होतं, असं ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांना वाटेल. म्हणून थोडं गणित करू. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये शहरी बसचे निकष काढले. त्यात बसच्या आतल्या जमिनीच्या तीन उंच्या येतात: ४००, ६५० आणि ९०० मिलीमीटर. आपल्या स्वयंपाकघरातला ओटा साधारण ८६० असतो. म्हणजे ९०० वाल्या बसमध्ये शिरणं म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांनी का होईना, ओट्यावर चढणंच! ४०० वाली म्हणजे लो फ्लोअर. आता फूटपाथची कड १५० मिलीमीटरपेक्षा उंच नसावी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचा पादचाऱ्यांविषयीचा २०१२ चा निकष सांगतो. बस फूटपाथला खेटून उभी राहिली तर उरले २५०. बस झुकली तर उरले १७० ते १९०. आणि घरातल्या जिन्याची पायरी किती असते? १५० ते १९०. म्हणजे खेटून थांबलेली आणि झुकलेली बस आणि आपल्या घरचा जिना, एकच! जी बाई घरचा जिना चढते, ती बसही चढेल.

आणि बस रस्त्याच्या मधोमध थांबली आणि झुकलीही नाही तर? मग पूर्ण ४००. घरच्या जिन्याच्या दोन पायऱ्या एका ढांगेत. ते मला जमत नाही. युरोपमधल्या नियमाप्रमाणे शहरी बसच्या निदान एका दाराची पहिली पायरी जमिनीपासून २५० पेक्षा उंच चालत नाही, आणि ती तेवढी खाली आणण्यासाठी बस झुकवायला मुभा आहे. झुकलेली बस त्या अवस्थेत ताशी ५ किलोमीटरपेक्षा वेगाने पळू नये, असंही तिथल्या नियमात आहे. म्हणजे नुसती सोय करून ते थांबले नाहीत, तिचा गैरवापर कसा टळेल हेही पाहिलं.

आता आमच्या गावाची गोष्ट. (गावाचं नाव लिहीत नाही. कुणा एकाला बोल लावायचा नाहीये.) आमच्याकडे अशा बस आहेत. गेल्या वर्षभरात आठवड्यातून दोनदा तरी मी त्यातून गेले असेन. बस झुकलेली मी पाहिली ती फक्त एकदा, तीही मी ड्रायव्हरदादांना हात जोडून विनंती केल्यावर. ते भले गृहस्थ. म्हणाले, "आजी, आधी नाही का सांगायचं?" बटण दाबलं, बस बसली, मी चढले. पण आतली पंचवीस-तीस माणसं माझ्याकडे बघत होती. जणू मी बस अडवून धरली होती.

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं बघा. दर मंगळवारी भजनी मंडळाला जायच्या, बसनेच. दोन्ही गुडघे दुखायला लागल्यावर एकदा पायरीवर तोल गेला. पडल्या नाहीत, कंडक्टरने धरलं. पण दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी जाणं सोडलं. "आता कंटाळा येतो गं," म्हणतात. कंटाळा नाही हो येत! बसने झुकावं म्हणून रोज कुणासमोर तरी आपण झुकायचं, याचा कंटाळा येतो. रिक्षाचे पैसे मुलाकडे मागायचे नाहीत, बसमध्ये दया मागायची नाही, मग घरीच बसायचं. गेली दोन वर्षं त्या घरीच बसल्यात. मंडळातल्या त्यांच्या मैत्रिणी सुरुवातीला फोन करायच्या, आता तेही कमी झालंय.

यातला विरोधाभास माझ्या ध्यानात आला तो भाच्याच्या त्या खड्ड्यात उभी असतानाच. एकाच यंत्राची दोन कामं. ओझ्याप्रमाणे उंची सांभाळायचं काम आपोआप होतं. कुणी बटण दाबत नाही, कुणी विनंती करत नाही, आणि ते रोज, प्रत्येक थांब्यावर, न चुकता होतं. झुकायचं काम तेवढं माणसाच्या आठवणीवर सोडलंय, आणि ते होत नाही. म्हणजे यंत्र नादुरुस्त नाही आणि माणूसही वाईट नाही. ड्रायव्हरला पुढच्या सिग्नलची घाई, मागच्या रिक्षांचे हॉर्न, वेळापत्रकाचा धाक. त्यात त्याने उजव्या हाताशी ट्रॅफिक आणि डाव्या हाताशी माझे गुडघे, दोन्हीकडे लक्ष ठेवायचं? अनेक शहरांत आता बस कंत्राटावर असतात आणि पैसे दर किलोमीटरमागे मिळतात. बस किती वेळा झुकली, हे कुठल्याच बिलात येत नाही. शाळेत मी हे पुष्कळ पाहिलंय. जे परीक्षेत येत नाही, ते शिकवलं जात नाही.

दुसरी बाजूही भाच्याने प्रामाणिकपणे सांगितली. प्रत्येक थांब्यावर झुकायचं म्हणजे दर वेळी हवा सोडायची आणि पुन्हा भरायची. कॉम्प्रेसरवर ताण, थोडं इंधन किंवा वीज जास्त, आणि थांब्यामागे काही सेकंद. शिवाय त्याच कॉम्प्रेसरची हवा ब्रेकला लागते. टाकीतली हवा आधी ब्रेकला, उरेल ती सस्पेन्शनला, अशी व्यवस्था असते आणि ती तशीच हवी. आणि आपल्याकडचे बेढब गतिरोधक? तिथे बस खाली घासते, म्हणून ड्रायव्हरला झुकण्यापेक्षा उंच करायचं बटण जास्त प्यारं!

सगळं मान्य. पण काही सेकंदांचा हिशोब मांडायचा तर पुरता मांडा. चढताना चाचपडणाऱ्या एका म्हातारीमुळे जेवढा वेळ जातो, तो यात धरलाय का? तीन इंच कमी झाले तर लेकुरवाळ्या बायका, पिशव्यावाले, दप्तरवाली पोरं, सगळेच भराभर चढतात. आणि दर थांब्याला झुकणं खरंच परवडत नसेल, तर निदान दवाखाने, बाजार, देवळं आणि स्टेशन यांच्या थांब्यांवर तरी दार उघडलं की बस आपोआप झुकावी. ड्रायव्हरला बटण ठेवा, पण ते झुकणं रद्द करण्यासाठी ठेवा. आज झुकवायला बटण दाबावं लागतं, उद्या न झुकवायला दाबावं लागू दे. एवढाच फरक मी मागतेय.

दुसरी मागणी वर्कशॉपची. भाचा म्हणतो, व्हॉल्व्हची दांडी वाकली किंवा तुटली की बस एका बाजूला कलून चालते, आणि पावसाळ्यात हवेतलं पाणी नळ्यांत साठून त्रास देतं. ब्रेक आणि दिवे रोज तपासतात, तसं 'बस झुकते का?' हेही तपासणीच्या यादीत हवं. एक मिनिटाचं काम.

तिसरी, थांब्याची. फूटपाथ मोकळा नसेल आणि बस दोन हात लांब उभी राहिली, तर जगातलं सगळ्यात शहाणं सस्पेन्शनही काही करू शकत नाही. फूटपाथवरच्या मोटारसायकली उचलणं हे बस कंपनीचं काम नाही, महापालिकेचं आहे. पण प्रवाशाला दोघांच्या भांडणात काय रस?

कायदा आपल्या बाजूने आहे, हेही सांगते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक वाहनं सर्वांना वापरता यावीत असं म्हणतो. डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानात सरकारी बसपैकी २५ टक्के पूर्ण सुगम करायचं उद्दिष्ट होतं. आपल्या राज्याने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या सर्वांना एसटीचा प्रवास मोफत केला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट केलं. फार चांगलं केलं, मी आभारी आहे. पण तिकिटाचे पैसे कमी झाले तरी पायरी तेवढीच उंच आहे. मला पंचाहत्तरी गाठायला दोन वर्षं आहेत. तेव्हा मोफत पास हातात असेल आणि मी खाली उभी असेन, असं नको व्हायला.

आणि हे नुसतं म्हाताऱ्यांचं रडगाणं समजू नका. मोडलेला पाय, सातवा महिना, कडेवरचं मूल, यातलं काहीतरी प्रत्येकाच्या वाट्याला येतं. त्या वेळी मागून मिळणं आणि आपोआप मिळणं यातला फरक कळतो. मागून मिळालं तर ते उपकार असतात. आपोआप मिळालं तर आपण नुसते प्रवासी असतो, इतर चारचौघांसारखे. मला तेवढंच व्हायचंय.

आमच्या परिवहन खात्याला मी पत्र लिहिलंय. दोन पानी, सुवाच्य अक्षरात, वरच्या मागण्या क्रमाने घालून. उत्तर आलं की इथे कळवीनच. तोवर तुम्ही सगळ्यांनी एक काम करा. मुंबई, नागपूर, बंगळूर, आणि आमची भाचेकंपनी परदेशातही आहे, जिथे असाल तिथे पुढच्या वेळी बसमध्ये चढताना दाराच्या पायरीकडे बघा. बस झुकते का? कुणी बटण दाबतं की आपोआप? मला कळवा, मी वहीत मांडून ठेवतेय. शिक्षिकेची सवय आहे, हजेरी घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

असो. बरंच लांबलं. जाऊबाईंनाही हे वाचून दाखवणार आहे. त्या म्हणतील, "तुला काय उद्योग नाहीत!" पण भजनी मंडळाची वेळ बदलली का, हे मागच्या आठवड्यात त्यांनीच मला विचारलं होतं.